माझ्या घशातले यंत्र

मी एक जुना पितळी बिगूल आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेला प्रत्येक जण आधी आपली थोरवी सांगतो. मला ते जमणार नाही. माझी मान आधीच खाली गेली आहे. बिगुलाला मान नसते म्हणा, पण शरम असते.

एका कारखान्यात मला वळवले, ठोकले, घासले आणि अमेरिकेत केंटकीच्या डोंगरातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये पाठवून दिले. तिथे वाजवणारा कोणी नव्हता, म्हणून मी खिळ्याला लटकून राहिलो. खाली दर शनिवारी नाच व्हायचा आणि डेन्झिल स्टिडम गिटार घेऊन गायचा. व्हिएतनामच्या लढाईवरून परतलेला, उंच, काटकुळा, घोगऱ्या पण गोड आवाजाचा गडी. रेल्वे, दारू, म्हातारी आई आणि सोडून गेलेली बायको, यांतल्या निदान दोन गोष्टी त्याच्या प्रत्येक गाण्यात असायच्याच. खरी बायको मात्र पहिल्या रांगेत बसून हसत असे.

आमच्याकडे सैनिकाला मूठमाती देताना बिगुलावर निरोपाची धून वाजवतात. वाजवणारा नसेल तर टेप लावायचे. एका वर्षी डेन्झिलच्या पलटणीतला जिवलग दोस्त ऑर्विल गेला. टेप डेन्झिलनेच आणली. तिच्या एका बाजूला धून होती. दुसरी बाजू रिकामी वाया कशाला घालवायची, म्हणून त्याने तिच्यावर आपल्या बँडचे नाचाचे गाणे भरून ठेवले होते. गडबडीत उलटी बाजू लागली. शवपेटीवरच्या झेंड्याची घडी होत होती, ऑर्विलची म्हातारी आई छातीवर हात ठेवून उभी होती, आणि डेन्झिलचाच आवाज गरजला, "आण गं बाटली, शनिवार आला!"

काही माणसे हसली. त्यांचाही दोष नव्हता. डेन्झिल बंद करायचे बटण शोधत राहिला आणि ते काही सापडेना. शेवटी म्हातारीनेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे रे बाळा. माझ्या ऑर्विलला आवडायचं ते गाणं." ती रागावली असती तर बरे झाले असते. तिच्या त्या मायेने डेन्झिल जास्तच खजील झाला.

दुसऱ्याच दिवशी त्याने मला खिळ्यावरून उतरवले आणि गोठ्यात नेले. तिथे आम्ही दोघांनी मिळून असा काही आवाज काढला की गाईंनी दूध चोरले. "एक तर तो भोंगा ठेव, नाहीतर गाई ठेव," बायकोने बजावले. त्याने दोन्ही ठेवले आणि शिकला. त्यानंतर आमच्या डोंगरात ज्या सैनिकाला मूठमाती मिळाली, त्याच्या कबरीशी डेन्झिल आणि मी उभे राहिलो. ऊन असो की बर्फ, त्याने कधी नाही म्हटले नाही.

त्याची एक खोड होती. शेवटचा लांब सूर तो सरळ लावत नसे. आपल्या गाण्यांतल्यासारखा खालून घसटत वर नेई. एकदा एका अधिकाऱ्याने टोकले, "हे लष्करी नाही."

"मेलेला माणूस इथलाच आहे, साहेब," डेन्झिल म्हणाला. "त्याला असंच कळतं."

त्याने मुलीला, ट्रेसाला, शिकवले. तिचा दम बापासारखा होता. पण शाळेत पोरे तिला 'मढ्यामागची पोरगी' म्हणू लागली आणि एक दिवस तिने मला बापाच्या मांडीवर ठेवले. "मला नाही वाजवायचं, डॅडी. लाज वाटते." डेन्झिल फक्त "बरं" म्हणाला. मग बराच वेळ मला फडक्याने पुसत बसला.

पुढे त्याचे दात गेले, दम गेला. हॉलवाल्यांनी माझ्या घशात एक यंत्र बसवले. बटण दाबायचे, मला ओठांशी धरायचे आणि गाल फुगवायचे, बस्स. धून इतकी निर्दोष वाजते की ऐकणाऱ्याने रडावे. विधवा बाया मला ओठांशी लावणाऱ्या तरुण शिपायाचे हात धरत. "किती मनापासून वाजवलंस रे!" तो लालेलाल व्हायचा. मी पितळेचा, मला तेही जमत नव्हते. डेन्झिल खुर्चीत बसून सगळे ऐकायचा, पण माझ्याकडे पाहायचा नाही. ट्रेसाला त्याने सांगून ठेवले होते, "मला पुरताना तो डबा वाजवू नका. त्यापेक्षा गप्प उभे राहा."

या वसंतात तो गेला. चर्चच्या बायांनी घेवड्याची उसळ, मक्याचा पाव आणि तळलेली कोंबडी आणली होती. डोंगरउतारावर कबर खणून तयार होती. शिपाई मला घेऊन उभा राहिला, तेव्हा पिकल्या केसांची ट्रेसा त्याच्यापुढे आली.

"आतलं यंत्र काढ."

"बाई, मला वाजवता येत नाही."

"ठाऊक आहे. इकडे दे."

डेन्झिलचा जुना साथीदार हॉबर्ट जवळ आला. "पोरी, शाळेपासून हात लावला नाहीस तू. लोक हसतील."

"हसू देत, काका. डॅडीला हसलेच होते की."

पहिला सूर गळा धरलेल्या कोंबड्यासारखा निघाला. मागे एक पोर फिसकन हसले आणि त्याच्या आईने त्याला चिमटा काढला. ट्रेसाचे कान लाल झाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. पण ती थांबली नाही. एक सूर फाटला, एक निघालाच नाही. शेवटच्या लांब सुराला तिच्यात दमच उरला नव्हता, म्हणून तो खाली लागला, आणि मग घसटत, घसटत वर गेला.

हॉबर्टने टोपी काढली. "आला बघ डेन्झिल," तो म्हणाला.

ट्रेसाने माझे तोंड स्कर्टच्या टोकाने पुसले. "वाईट वाजवलं ना, काका?"

"फार वाईट." म्हातारा रडत होता. "तुझा बाप गोठ्यात पहिल्या दिवशी असंच वाजवत होता."

मित्रांनो, आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. ते यंत्र खाली डब्यात पडले आहे आणि बहुधा पुढच्या मयताला परत माझ्या घशात जाईल. म्हणून हात जोडून, म्हणजे हात असते तर जोडून, एवढेच मागतो. आपल्या माणसाला निरोप देताना स्वतःचा श्वास द्या. मला खाली उतरवा, धूळ पुसा आणि फुंका. बेसूर निघाले तर लाज माझ्यावर टाका. मला तिची सवय आहे.