एकेक उठणारे की सगळे एकदम

भरतकामाच्या कारखान्यात कॉम्प्युटर एक आणि मालकीणही एक. सकाळी बटण दाबल्यावर आत कोणी कधी उठायचं, ते मालकिणीच्या लेकानं लिहून ठेवलं होतं. हिशेब साधा. आधी नक्ष्यांचा डबा, म्हणजे नक्ष्या साठवलेली डिस्क, जागा करायचा, मग भरतकामाचं यंत्र, मग छपाईचं. पुढचा उठल्याशिवाय मागचा हलायचा नाही. एक अडला की सगळी रांग ताटकळायची. मग मालकीण फोन लावायची. लेक मागच्या गल्लीतून यायचा, पडद्यावरच्या ओळी वाचायचा, काहीतरी नीट करायचा आणि जाताना विचारायचा, "आई, गुडघा कसा आहे?" काम खोळंबायचं खरं, पण मालकिणीची सकाळ गोड व्हायची.

लग्न झालं आणि सूनबाईनं त्यात नाक खुपसलं.

"आई, नवी पद्धत घेऊ. सगळे एकदम उठतात. वर एक मुकादम असतो, तोही प्रोग्रॅमच. कोण पडलं ते तोच बघतो, तोच उभं करतो. कुणाला बोलवायलाच नको."

ते शेवटचं वाक्य मालकिणीला बरोब्बर नखात सुई जावी तसं गेलं.

"आणि मुकादमच आडवा झाला तर?"

"सहसा होत नाही."

"सहसा तुझे सासरेही पडत नव्हते. पडले तेव्हा चार पाट आणि एक पाहुणा घेऊन पडले. त्या मुकादमाच्या पोटात काय चालतं, ते तुला तरी कळतं का गं?"

"सगळं नाही कळत," सून म्हणाली. खोटं बोलली असती तर भांडायला सोपं गेलं असतं.

मालकिणीनं लेकाला गाठलं. "बायकोला आवर तुझ्या."

तो खाली बघत म्हणाला, "मीच तिला सांगितलं, आई. रोज धावत यायला जमत नाही गं आता."

बायकोपुढं बसून हसायला जमतं, इकडं यायला नाही! मालकिणीनं निकाल दिला, "कारखाना माझा. पद्धत साधीच राहील."

चारेक दिवसांत रांग अडली. तिनं पदर सावरून फोन लावला. दारात उभी राहिली सून.

"त्यांनी मला पाठवलंय." ती खुर्चीत बसली, ओळी वाचू लागली आणि गालात हसली. "किती स्वच्छ लिहिलंय हो त्यांनी!" जणू हिच्याच नावाचं पत्र.

मालकिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. लेक माझा, लिहिणं त्याचं, आणि वाचायचं हिनं?

"ऊठ. खुर्ची माझी आहे. कुठं अडलंय? बोट ठेव."

सुनेनं ठेवलं. "ही ओळ म्हणते, नक्ष्यांचा डबा सापडत नाही."

मालकीण गुडघा धरून वाकली. टेबलाखाली डब्याची पिन झाडताना निघून पडली होती. तिनं ती खोचली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. एकेक ओळ सुरळीत सरकत गेली.

"एवढ्यासाठी शिकलीस होय?"

"एवढ्यासाठीच तर ते यायचे, आई. फोनवरही सांगता आलं असतं. पण म्हणायचे, मग आईकडं जायचं निमित्त जाईल."

मालकिणीच्या काळजात लख्ख झालं, आणि लगेच जळलं. "हे तुला सांगितलं? मला नाही?"

सुनेनं नजर पडद्याकडं वळवली.

"बघतेस काय नुसती? स्टूल ओढ. आता पहिल्या ओळीपासून वाच. हळू. बोट मी ठेवते."