चिमट्याची खूण

तिने पिशवीची चेन ओढली, पिशवी उलटी धरून हिसडली आणि गुंड्याचे सगळे कपडे न्हाणीघरासमोरच्या फरशीवर पाडले. सवयीने तिने श्वास रोखून धरला होता. पण ओल्या टॉवेलचा, मोज्यांचा आणि साठलेल्या घामाचा तो ओळखीचा भपकारा काही आला नाही. कपडे धुतलेले होते. नुसते धुतलेले नव्हते, घड्या घालून ठेवलेले होते.

नळाखाली लावलेली बादली भरून वाहू लागली तरी ती तशीच उकिडवी बसून राहिली.

"गुंड्या, कपडे कुणी धुतले रे?"

"धुतले," कॉलेजात शिकणारे चिरंजीव आतून म्हणाले.

"कुणी, ते विचारतेय."

"अगं, स्वच्छ आहेत ना? मग झालं तर."

त्याला हॉस्टेलवर धाडण्याआधी तिनेच बादलीसमोर बसवून शिकवलं होतं. कॉलरला आधी साबणाची वडी घासायची, मग भिजवायचं. रंगीत वेगळे, पांढरे वेगळे. सुरुवातीला पठ्ठ्या रोज संध्याकाळी कपडे धुवायचा आणि फोनवर तसं सांगायचाही. ती "शहाणा गं माझा बाळ" म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर तिला उगीचच रिकामं वाटायचं. मग रोजचं काम आठवड्यावर गेलं. मग शर्ट उलटा करून आणखी दोन दिवस काढता येतात, असा शोध लागला. जीन्स मुळात धुवायचीच नसते, खिडकीत टांगली की झालं, हा त्याच्या पुढचा शोध. खोलीतली सगळी मंडळी सकाळी ढिगातला एकेक शर्ट हुंगून, त्यातल्या त्यात बरा अंगात चढवून वर्गात जाऊ लागली. शेवटी एका शनिवारी तो गच्च भरलेली पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि ओशाळून म्हणाला, "आई, एवढं जरा..."

त्या दिवशी तिने शेजारणीकडे केवढी तक्रार केली! बाई गं, काय तो ढीग, काय तो वास, पाणी तीनदा बदललं तरी काळंच. शेजारीण हसत ऐकत राहिली, कारण तक्रार करणारीचा चेहरा नुसता फुलला होता.

गेल्या वर्षी मध्येच पिशवी हलकी झाली, तेव्हा परीक्षा आहेत, पोरगा कुठे बाहेर पडत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आता मात्र समजूत घालायलाही काही उरलं नव्हतं. तिने वरचा निळ्या रेघांचा शर्ट उचलला, उलगडून उजेडाकडे धरला. इस्त्री नव्हती. खालच्या शिवणीवर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, चिमट्याच्या दाबाच्या खुणा होत्या.

तिच्या पोटात दुखलं ते तेव्हा.

शर्ट खालच्या शिवणीला चिमटे लावून उलटा टांगणारी बाई तिच्या माहितीत एकच होती, तिची थोरली जाऊ. एकत्र राहायचे तेव्हा घरात दोरी एक आणि जावा दोन. ही शर्ट खांद्यांना धरून वाळत घालायची, म्हणजे माणसासारखा सरळ दिसतो. थोरली तो उलटा करायची, म्हणजे खांद्याला टोकं येत नाहीत. ही घरात गेली की थोरली हिचे शर्ट उलटे करायची आणि थोरली बाजारात गेली की ही थोरलीचे सुलटे. दोघींचे नवरे बिचारे येईल तो शर्ट घालून कामावर जायचे.

भांडण काही शर्टाचं नव्हतं. थोरलीला मूल नव्हतं, आणि हिचा मुलगा दिवसभर थोरलीच्या कडेवर. लहानपणी तो शर्टाची वरची गुंडी चावून चावून तोडायचा, म्हणून थोरलीने त्याला गुंड्या म्हणायला सुरुवात केली. आईने ठेवलेलं चांगलं भारदस्त नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. वेगळं बिऱ्हाड केलं त्या दिवशी पोर रडलं ते काकूसाठी. हे ती अजून विसरली नव्हती. आणि पुढे थोरलीच्याच गावी त्याला कॉलेज मिळालं, तेव्हा घरात खोली रिकामी असताना हॉस्टेल कशाला, असं थोरल्या दिरांनी तीनदा विचारलं होतं. "मुलाला आपलं आपण करायची सवय लागली पाहिजे," असं तिने ठासून सांगितलं होतं. म्हणजे एवढं करून शेवटी पिशवी तिकडेच गेली होती!

रविवारी गुंड्या परत निघाला तेव्हा तिने तो शर्ट ठेवून घेतला.

"राहू दे. बाही उसवलीये."

"कुठे?"

"दिसत नाही तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, "वहिनींना भेटून येते," म्हणून ती बसमध्ये बसली. नवऱ्याने चष्म्यावरून पाहिलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मांडीवर पर्स आणि पर्समध्ये मुद्देमाल. वाटेत तिने मनातल्या मनात काय काय बोलायचं ते घोकलं. माझ्या पोराचे कपडे मला जड नाहीत, वहिनी. हे वाक्य तिला फार आवडलं होतं.

थोरली गच्चीवर होती. धुतलेल्या कपड्यांची बादली पायाशी, चिमट्यांची परडी कठड्यावर. जाऊ दिसताच तिचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला.

"अगं, तू? अशी अचानक? गुंड्या बरा आहे ना?"

"तुम्हालाच माहीत. कपडे तुम्ही धुता त्याचे."

घोकलेलं वाक्य राहूनच गेलं. थोरलीने हातातला चिमटा परडीत टाकला.

"धूत होते," ती म्हणाली. "तुला सांगू नको म्हणायचा, म्हणून नाही बोलले. गेल्या वर्षी यायचा पिशवी घेऊन. जेवायचा, इथे सावलीला झोपायचा. मग थंडी संपली आणि यायचा बंद झाला. मला वाटलं तुला कळलं आणि तू त्याला रागावलीस. मग मी पण फोन नाही केला. म्हटलं, असेल तिचा मुलगा, तिचा हक्क आहे. पण खरं सांगते, फार राग आला होता तुझा."

"माझा?"

"मग कुणाचा? मला वाटलं, आता सगळी पिशवी तुझ्याकडे येते."

गच्चीवर ऊन चढत होतं. तिने पर्समधून शर्ट काढला आणि खालची शिवण थोरलीपुढे धरली. आवाज तिच्या मनात होता तेवढा कडक निघाला नाही.

"मग हे काय? या चिमट्याच्या खुणा तुमच्या नाहीत?"

थोरलीने चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला. खुणांवरून बोट फिरवलं. मग तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं. ते पाहून धाकटीचा पुन्हा तिळपापड झाला.

"माझी पद्धत आहे," थोरली म्हणाली. "पण हात माझा नाही. मी शिवणीच्या जोडावर लावते, हे बाजूला लागलेत. इथे झोपल्या झोपल्या बघत असायचा ना, त्याने उचललं असेल." तिने शर्ट फिरवून कॉलर उलटी केली. "आणि हे बघितलंस का? आतली कड घासून घासून फिकी झालीये. आधी वडी, मग भिजवणं. हे तर तुझं."

ते तिने पाहिलंच नव्हतं. दोन दिवस तो शर्ट तिच्या हातात होता. त्यात तिने फक्त जावेच्या खुणा शोधल्या होत्या.

"म्हणजे तोच धुतो," ती म्हणाली. "आपला आपण."

"तूच म्हणाली होतीस ना, सवय लागली पाहिजे."

थोरलीने टोमणा मारला नव्हता, तरी तो लागला. ती कठड्याला टेकली. पोराला आपली गरज उरली नाही, हे एवढं सरळ कधी तिच्यासमोर आलं नव्हतं. निदान जावेने पळवलं असतं तर भांडता आलं असतं.

"वरची गुंडी छान लावलीस," थोरली मध्येच म्हणाली.

"ती तुम्ही लावलीत ना? ती तर तुटली होती. अजून चावतो तो."

"मी कुठली लावणार? मी फुलीचा टाका घालते."

"मी आडवे दोन."

दोघी शर्टावर वाकल्या. गुंडीला तिरका टाका होता, दोरा निळा सोडून हिरवा, आणि मागची गाठ दिसू नये अशी आत घेतलेली. गुंडीच्या बुडाशी दोऱ्याचे वेढे देऊन ती थोडी उचलून घेतली होती.

"त्याला सुईत दोरा ओवता येत नाही," ती हळूच म्हणाली.

"येत नव्हता." थोरली थांबली. "किंवा अजूनही येत नसेल."

थोरलीने दोन बोटांत गुंडी धरून ओढून पाहिली, मग शर्ट तिच्याकडे दिला. तिनेही ओढून पाहिली, जरा जास्तच जोराने.

"नाही तुटायची," थोरली म्हणाली.

"हिरवा दोरा शोभतो का यावर?"

"अजिबात नाही."

थोरली खाली चहाचं आधण ठेवायला निघाली आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आली, कारण धाकटी बादलीशी वाकली होती. तिने वरचा शर्ट काढून झटकला, खांद्यांना धरून दोरीपर्यंत नेला. तिथे तिचे हात घुटमळले. मग तिने शर्ट उलटा केला आणि खालची शिवण दोरीवर धरून परडीतला चिमटा घेतला.

"राहू दे गं," थोरली म्हणाली. "कसाही वाळतो."