माळकरी पेशी

या मायबाप, जरा पुढं सरका. टाळ घडीभर मांडीवर ठेवा आणि रिठदच्या गजेंद्रची गोष्ट ऐका.

गजेंद्र भाजीपाला पिकवणारा, पक्का माळकरी. कीर्तनात टाळ धरला की त्याला घर आठवत नाही, आणि घरी बायको सुचिता त्याला हे विसरू देत नाही. त्यांची तनुजा आठ वर्षांची. चालताना तिचे पाय लटपटतात. लाखांत एखाद्याला होणारा आजार. निम्मा दोष आईकडून, निम्मा बापाकडून आलेला. औषध नाही.

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या निकिता मॅडम वाशीमच्या दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "तिघांच्या दंडातून तांदळाएवढी कातडी द्या. त्यातल्या पेशी आम्ही पुन्हा गर्भातल्यासारख्या कोवळ्या करू, त्यांच्यापासून नसांच्या पेशी घडवू. तिच्या पेशी तुमच्या दोघांच्या पेशींशी ताडून पाहिल्या की बिघाड कुठं होतो ते दिसेल. औषधंही आधी त्यांच्यावरच तपासू."

गजेंद्रनं एकच विचारलं, "तिथं त्या पेशी काय खातीन?"

निकिताला खोटं बोलवेना. "सुरुवातीला वासराच्या रक्तातलं पाणी."

गजेंद्रनं बाही खाली ओढली. "मंग माह्यं नाही जमत. माळ हाय गळ्यात."

"माळ तुमी घातली," सुचिता म्हणाली. "तुमच्या पेशीनं कवा घातली?"

"त्या म्हंजे मीच नं वं!"

"मंग त्याईले टाळ बी पाठवा. उपाशीपोटी भजन करतीन!"

निकिता हसू दाबत म्हणाली, "शाकाहारी खाद्यही आहे. पण मग तिघांच्याही पेशींना तेच द्यावं लागेल, नाहीतर तुलना खोटी. आणि तनुजाच्या पेशी नाजूक. त्यावर टिकतीलच असं नाही."

गजेंद्रनं खाली ओढलेली बाही मुठीत धरली. भिंत धरून उभी असलेली तनुजा म्हणाली, "बाबा, सुईले भेले काय? मी पयले देऊ?"

त्यानं माळ काढायला हात नेला. सुचितानं तो धरला. "राहू द्या. देवाले समजते."

"समजते. अन् इचारलं तं मीच सांगीन." त्यानं बाही वर केली. "मॅडम, पोरीच्या पानात जे, तेच माह्या."

आता तो दर आठवड्याला पुण्याला फोन करतो. "जेवल्या काय?"

"जेवल्या. तुमच्या जरा जास्तच खातात."

"घरच्यासारखंच!" मागून सुचिता.

औषध अजून सापडलेलं नाही; शोध चालू आहे. म्हणून मायबाप, सकाळी हात जोडाल तेव्हा स्वतःचं मागण्याआधी रिठदच्या तनुजाची तेवढी आठवण ठेवा.