मंगळवारी ऐकलेला अर्ज

दोन वर्षांत अमरावतीच्या रविकांत वकिलांची नजर इतकी उतरली, की समोरचा कागद त्यांना नुसता पांढरा दिसायचा. अर्ज लिहायचा त्यांच्या हाताखालचा वकील यशोधन, वाचून दाखवायचा तोच, आणि हात धरून सहीची जागाही तोच दाखवायचा. मित्राचा मुलगा, काका काका करायचा.

दिवाळीत लेक निधी आली, तेव्हा तिने कचेरीतल्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं. "बाबा, या तीन कळा एकदम दाबा. पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवेल." बोटांना लागावेत म्हणून तिने कळांवर डिंकाचे थेंब वाळवून ठेवले. या वयात बाराखडी गिरवायची लाज, म्हणून यशोधन जेवायला गेला की वकील दार लोटून सराव करत. खालच्या बाणाने फाइलींची नावं ऐकायची, एन्टर मारून उघडायची. आवाज ना बाईचा ना बुवाचा, पण शब्द कळायचे.

मूर्तिजापूरकडच्या बावीस जणांचं बियाणं उगवलंच नव्हतं. बियाण्याच्या कंपनीवरच्या त्यांच्या केसची बुधवारी अकोल्याच्या ग्राहक मंचात तारीख होती. शुक्रवारी साक्षीदारांची यादी म्हणून वकिलांनी एका कागदावर सही केली होती. मंगळवारी दुपारी त्यांनी ती फाइल उघडली.

"तक्रारदारांना ही तक्रार पुढे चालवायची नाही. ती निकाली काढावी, ही विनंती."

खाली त्यांचं नाव, शुक्रवारची तारीख. त्यांनी पुन्हा ऐकलं. मग पुढची फाइल.

"दृष्टी गेल्यामुळे मी वकिली बंद करत असून माझी सर्व प्रकरणे यशोधन यांच्याकडे…"

"काका, कोण बोलून राहिलं आत?"

यशोधन दारात होता. वकील आवाज बंद करायची कळ चाचपू लागले, सापडेना. चपला जवळ आल्या, भिंतीवर खटका वाजला, आवाज अर्ध्या शब्दात तुटला.

"दगदग कशाला करता?" यशोधन अगदी मायेनं म्हणाला. त्याने त्यांचा हात धरला होता. "उद्या मीच जातो अकोल्याले."

"हात सोड माझा."

त्याने सोडला, पण सावकाश.

बुधवारी रिक्षावाल्याने वकिलांना अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. मंचातला कारकून म्हणाला, "साहेब, ते तर सोमवारीच निकाली निघालं. तुमचाच अर्ज होता."

बावीस जणांच्या वतीने बोलणारी चतुराबाई शेजारीच उभी होती. "वकीलसाहेब, आमाले तर कोनं इचारलंबी नाही. सही कोनाची हाय त्याच्यावर?"

"माझी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. न वाचता सही केली असं आपण लिहून देऊ, केस पुन्हा उघडायला वरच्या मंचात अर्ज करू, म्हणाले.

"आनं तो अर्ज लिहीन कोन?" चतुराबाईने विचारलं.

वकिलांनी खिशातलं पेन काढून आवाजाच्या दिशेने पुढे धरलं. माणसं समोर उभी आहेत की निघून गेली, ते त्यांना कळेना.