पसंतीला आणलेली सरस्वती

राम कृष्ण हरी, मित्रांनो! मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. वाजवायची नव्हे, सामान ठेवायची. माझ्या झाकणावर दोन गुलाब रंगवलेले आहेत. रंग उडाल्यामुळे आता ते कोबीच्या गड्ड्यांसारखे दिसतात, पण जन्माच्या वेळी ते गुलाबच होते, याला देव साक्षी आहे.

माझा जन्म नाशिकच्या भद्रकालीत, झिपरू नावाच्या कारागिराच्या दुकानात झाला. त्यानं मला ठोकून ठोकून घडवलं. टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात. मला देवपण काही आलं नाही, पेटीपण आलं. तेवढंही पुष्कळ झालं.

मला विकत घेतलं एका कीर्तनकार बुवांनी. काय भाग्य माझं! पोटात त्यांचा फेटा, उपरणं, झांजा आणि बुक्क्याची डबी घेऊन मी गावोगाव हिंडले. मांडवाच्या मागच्या बाजूला बसून मी किती कीर्तनं ऐकली असतील, त्याचा हिशेब त्या पांडुरंगालाच ठाऊक. मृदंग घुमू लागला की माझी कडी आपोआप खुळखुळायची. बुवा मागे वळून म्हणायचे, "अहो, त्या पेटीला कोणी तरी आवरा, ती माझ्या आधी समेवर येते!"

बुवांची एक खोड होती. आख्यान ऐन रंगात आलं, राक्षस दारात उभा राहिला, की बुवा नेमके तिथं थांबायचे आणि भजन धरायचे. लोक टाळ्या वाजवायचे, पण जीव सगळा त्या राक्षसात! मग कोणाची उठून जायची बिशाद?

पुढं बुवांचा आवाज बसला. त्यांनी मला आपल्या पुतणीला देऊन टाकलं. तिचं नाव मोहिनी. गंगापूर रोड संपून मळे सुरू होतात, तिथल्या एका गावच्या शाळेत ती ग्रंथपाल होती. अशा रीतीनं, मित्रांनो, मी कीर्तनाच्या मांडवातून थेट शाळेच्या ग्रंथालयात आले.

ग्रंथालय म्हणजे एक खोली, खोलीत एक लाकडी कपाट आणि कपाटाला कुलूप. कुलूप का? तर पुस्तक हरवलं की भरपाई ग्रंथपालाच्या पगारातून, असा तिथला शिरस्ता. मग आधीच्या ग्रंथपालांनी विचार केला, की जे पुस्तक कोणी वाचत नाही, ते हरवतही नाही. त्यांनी नेमकी तशीच पुस्तकं जमवली होती. शेणखताचे प्रकार, आदर्श नागरिकाची कर्तव्यं, आणि कोणा थोर माणसाचं तीन खंडांतलं चरित्र, ज्याचा पहिला खंड त्यांच्या आजोबांच्या जन्मापाशीच संपत होता. मुलं बिचारी खिडकीतून कपाटाकडे बघायची आणि खेळायला पळायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एके दिवशी सावळीराम सर आत आले. हे आमचे हेडमास्तर. मनानं भाविक, पण आवाज असा की कोपऱ्यातली पाल खाली पडावी.

"मोहिनीबाई, शाळेला कॉम्प्युटर मंजूर झालाय. दिवाळीनंतर येईल. त्याला ही खोली लागणार."

"आणि पुस्तकं, सर?"

"माळ्यावर. तिथं उंदरांना तरी उपयोग होईल. मुलं कुठं वाचतात?"

"वाचायला लागली तर?"

"लागली तर बघू. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दाखवा मला."

सर गेले. मोहिनीबाई माझ्यावर बसल्या आणि पदरानं डोळे टिपू लागल्या. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. आपल्याला हात असते तर पाठीवरून फिरवला असता. आपल्याला नुसती कडी. ती मी हळूच वाजवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एसटीच्या टपावर चढवलं आणि नाशिक गाठलं. मेन रोडला महेशभाऊंचं पुस्तकांचं दुकान होतं. महेशभाऊ गोड बोलणारे, पण व्यवहाराला पक्के.

"मॅडम, हे घ्या. अत्यंत संस्कारक्षम आहे."

"संस्कार शाळेत भरपूर आहेत हो. हसायचं काय आहे ते दाखवा."

"हसायचं? शाळेसाठी?" महेशभाऊंनी चष्मा पुसला. "कोणी मागत नाही, म्हणून मागच्या फळीवर टाकलंय."

त्या मागच्या फळीपाशी मोहिनीबाईंनी मला नेलं आणि माझ्यावर बसून त्या एकेक पुस्तक काढून वाचू लागल्या. त्यांची निवडायची रीत साधी होती. पहिलं पान वाचायचं. दुसरं आपोआप उलटलं गेलं तर पुस्तक माझ्या बाजूला, नाही तर परत फळीवर. बोलणाऱ्या भोपळ्याचं पुस्तक आलं, चंद्रावर शाळा भरवणाऱ्या मास्तरांचं आलं, आणि विहिरीत पडलेल्या म्हशीचं एक लांबलचक पुस्तक आलं. त्यात तर बाई अशा बुडाल्या की महेशभाऊ म्हणाले, "मॅडम, चहाचं सरबत झालं!"

पण शाळेनं पैसे मंजूर केले नव्हते. तेव्हा असं ठरलं की पुस्तकं पसंतीला न्यायची. लग्नघरी साड्यांचा गठ्ठा पसंतीला नेतात ना, घरच्या बायका निवडतात आणि उरलेला परत करतात, तसंच.

"फक्त एक," महेशभाऊ बोट उगारून म्हणाले, "डाग नको. डाग पडला की ते पुस्तक तुमचं."

"डाग पडणार नाही," मोहिनीबाई म्हणाल्या.

मी तुडुंब भरून गावी परत आले. आणि काय सांगू मित्रांनो, माझं पोट उघडलं तशी मुलं मधमाश्यांसारखी जमली. बाईंनी नियम केला, आधी नळावर हात, मग पुस्तक. दप्तरात चिंच सापडली तर त्या दिवशी पुस्तक बंद. घरी न्यायचं तर धुतलेल्या फडक्यात बांधून. एका मुलानं तर हात इतके धुतले की दत्तूमामा ओरडले, "अरे, गंगापूर धरण रिकामं करतो का काय?" दत्तूमामा म्हणजे आमचे शिपाई. नळ त्यांच्या ताब्यात होता.

शनिवारी सकाळी बाई मोठ्यानं वाचून दाखवायच्या. वाचता वाचता म्हैस विहिरीत पडली, गावातली माणसं दोर घेऊन धावली, दोर ताणला, आणि दोर तुटायला लागला... तेवढ्यात बाईंनी पुस्तक फट्दिशी मिटलं.

"पुढं? बाई, पुढं?"

"पुढं ज्याला हवंय त्यानं वाचावं."

अहाहा! माझ्या बुवांचीच पुतणी! मी कोपऱ्यात कडी वाजवून घेतली. पुस्तकावर अशी उडी पडली की शुभांगी नावाची मुलगी ते पोटाशी धरून टेबलाखाली शिरली.

सोमवारी शाळेच्या दाराशी शुभांगीची आजी उभी. फुलाबाई तिचं नाव. मळ्यात शेवंती आणि झेंडू, डोक्यावर पाटी, आणि तोंड सदा चालू.

"ओ बाई, ती म्हैस निघाली का नाय वर?"

"शुभांगीनं वाचून दाखवलं नाही का, आजी?"

"अर्धं दाखवलं अन् झोपली कार्टी! मला रातभर झोप नाय. आमची बी म्हैस गाभण हाय ना!"

मोहिनीबाईंना हसावं की आनंदानं रडावं कळेना. पण सर काही ऐकेनात. "म्हातारी ऐकते म्हणजे विद्यार्थी वाचतो असं नाही," ते म्हणाले. त्यात दसरा जवळ आला. आमच्या गावात दसरा म्हणजे झेंडूची तोडणी. सगळी मुलं मळ्यात, शाळा ओस. ग्रंथालयात चिटपाखरू नाही. सर दारात येऊन रिकाम्या खोलीकडे बघायचे आणि टेपनं भिंत मोजायचे.

शेवटी मोहिनीबाईंनी देवीला साकडं घालायचं ठरवलं. सगळी पुस्तकं गोळा करून, मोजून, माझ्यात नीट रचून त्या सासूबाईंबरोबर वणीला गेल्या. जाताना दत्तूमामांना बजावलं, "मामा, पेटीला हात लावू देऊ नका. दसऱ्यानंतर महेशभाऊ येतील न्यायला."

त्या तिकडं गड चढत होत्या, आणि इकडं शाळेत खंडेनवमीची सरस्वतीपूजा निघाली. मुलं पाट्यांवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून झेंडूच्या माळा घेऊन आली. पूजेला ग्रंथ हवेत. कपाटाचं कुलूप गंजलेलं, काही केल्या उघडेना.

"ती पेटी आणा," सर म्हणाले. "देवीला कोरं आवडतं."

दत्तूमामा आडवे आले. "सर, बाईंनी सांगितलंय, डाग लागता कामा नये."

"डाग?" सरांनी कानांना हात लावले. "दत्तू, कुंकवाला डाग म्हणतोस? जीभ झडेल!"

मी झाकण घट्ट धरून ठेवलं, मित्रांनो. पण पत्र्याची ताकद ती किती? सरांनी पाण्यात बोट बुडवलं, आणि मोठ्या भक्तिभावानं एकेका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट उमटवलं. भोपळ्याच्या कपाळावर, चंद्रावरच्या मास्तरांच्या टकलावर, म्हशीच्या नाकावर. ज्या मुलांनी चिंचेचं बोट लागू दिलं नव्हतं, ती आ वासून बघत राहिली. एकही पुस्तक सुटलं नाही. सर कामाला फार चोख.

मोहिनीबाई प्रसाद घेऊन परतल्या, त्यांनी मला उघडलं आणि मटकन खालीच बसल्या. "आई सप्तशृंगी," त्या पुटपुटल्या, "मी पुस्तकं वाचव म्हणाले होते गं. तू तर मलाच विकलंस!" सगळी पुस्तकं आता त्यांच्या गळ्यात पडणार होती, आणि खोली जायची ती जाणारच होती.

दसऱ्यानंतर महेशभाऊ टेम्पो घेऊन आले. झाकण उघडलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"मॅडम! डाग!"

"डाग म्हणू नका!" सर गरजले. "मी स्वतः पूजा केली आहे."

महेशभाऊ पक्के व्यापारी. ते हात जोडून गोड हसले. "डाग नाही ना? मग काही अडचणच नाही. तुम्ही तसं लिहून द्या, मी परत नेतो आणि दुसऱ्या शाळेला विकतो."

मोहिनीबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. पैसे वाचत होते, पण पुस्तकं तर जातच होती. टेम्पोत झेंडूच्या पाट्या चढवता येतील का ते विचारायला फुलाबाई तिथं आली होती. ती पुढं सरसावली.

"कुठं नेतो रे भाऊ? पूजा झालेली सरस्वती दुसऱ्याच्या दारात? आमच्या गावची लक्ष्मी रुसंल ना! काय ओ सर, घटातलं धान्य परत वाण्याला देत्यात का?"

"तसं नाही, फुलाबाई, पण..."

"पण काय? उचलायची हुती तर कुंकू कशाला लावलं?"

सरांनी दत्तूमामांकडं पाहिलं. दत्तूमामा आकाशाकडं पाहत होते. मुलं फाटकावर चढून ऐकत होती. सरांनी घाम पुसला. डाग म्हणावं तर जीभ झडते, आणि डाग नाही म्हणावं तर गावची सरस्वती टेम्पोत बसून जाते! माझ्या सगळ्या कीर्तनाच्या आयुष्यात असा प्रसंग मी कुठल्या आख्यानात ऐकला नाही.

"महेशराव," सर शेवटी बारीक आवाजात म्हणाले, "बिल करा. फाटकाच्या रंगाचे पैसे आहेत, ते वळवू."

"अन् माळ्यावर टाकणार म्हणं तुम्ही यांना," फुलाबाई काही सोडेना. "देवीला? उंदरांत?"

"कोण म्हणालं माळ्यावर?" सर इकडं तिकडं बघू लागले. "ग्रंथालय आहे तिथंच राहील. कॉम्प्युटर माझ्या खोलीत ठेवू."

मुलांनी असा गजर केला की मळ्यातले बगळे उडाले. मोहिनीबाईंनी वणीच्या दिशेनं हात जोडले. मी? मी कडी किती वाजवली ते विचारू नका. ती तेव्हापासूनच सैल झाली आहे.

कॉम्प्युटर आला. सरांनी त्यालाही हळदीकुंकू वाहिलं, प्लॅस्टिकचं झाकण घातलं आणि कोणाला हात लावू दिला नाही. बिचारा! त्याचं आत्मवृत्त तो कधी लिहील तेव्हा वाचा.

पुढच्या खंडेनवमीला सर पुन्हा हळदीकुंकू घेऊन आले. पुस्तकं हातात घेतली आणि चकित झाले. म्हशीच्या नाकावरचं कुंकू गायब. भोपळ्याचं कपाळ पांढरं. "पूजा पुसली कोणी?" ते ओरडले.

"अंगठ्यांनी, सर," मोहिनीबाई म्हणाल्या. "पुस्तक धरतात ना मुलं, तिथंच तुम्ही बोट लावलं होतं."

सर एकेक पुस्तक उलटून बघू लागले. मग चार-पाच पुस्तकं अशी सापडली, की त्यांच्यावरचं कुंकू अजून ताजं, लालभडक होतं. त्यांना कोणी शिवलंच नव्हतं. सरांनी ती बाजूला काढली, खाली सतरंजीवर मांडी घातली, मुलांना समोर बसवलं, आणि आपल्या त्या पाल पाडणाऱ्या आवाजात त्यातलं एक वाचू लागले. गोष्ट ऐन रंगात आली तेव्हा मोहिनीबाईंनी हळूच खूण केली. सर थांबले. पुस्तक मिटलं.

"पुढं? सर, पुढं?"

तेव्हापासून आमच्याकडं तीच रीत पडली. दर खंडेनवमीला सगळ्या पुस्तकांना कुंकू, आणि दिवाळीनंतर ज्याचं कुंकू उतरलं नसेल त्याचं वाचन. कुठलं पुस्तक एकटं पडलंय हे शोधायला याहून सोपी युक्ती मी तरी पाहिली नाही.

आता शाळेत लोखंडी मांडण्या आल्या आहेत. माझा तळ गंजला, पुस्तकं माझ्यातून निघून तिकडं राहायला गेली. कधी कधी रिकाम्या पोटी करमत नाही. पण मधल्या सुट्टीत कोणी तरी माझ्या झाकणावर येऊन बसतं, पाय हलवत वाचू लागतं, आणि मध्येच एकटंच खुदकन हसतं. मला पान दिसत नाही, पण हसू बरोबर कळतं.

मित्रांनो, पुस्तकांची पूजा जरूर करा. मीही भाविक आहे, मी कशी नको म्हणेन? स्वच्छ हातांनी धरा, फाडू नका, चिंच लांब ठेवा. पण तुमच्या शाळेच्या कपाटात एखादं पुस्तक अगदी नव्यासारखं, कोरं करकरीत दिसलं, तर त्याला चांगलं सांभाळलंय असं समजू नका. ते वाट बघतंय. त्याला बाहेर काढा आणि त्याचं कुंकू पुसेपर्यंत वाचा.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!