मीतज्यूंची सोडचिठ्ठी

कुलमणी ज्ञवाली सरांनी अर्ज तीनदा लिहिला. पहिल्यांदा शाई फुटली, दुसऱ्यांदा समास कमी पडला. तिसऱ्यांदा सगळं मनासारखं उतरलं, तेव्हा खाटेवर कुशीला पडलेले मानकाजी म्हणाले, "मीतज्यू, लग्न करायचंय आपल्याला. पहिल्या नंबरानं पास नाही व्हायचंय."

सर चौऱ्याहत्तरचे, मानकाजी एक्काहत्तरचे. सरांनी बाजारातल्या शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. मानकाजी ताम्राकारांनी तितकीच वर्षं करुवे, म्हणजे तोटीचे पितळी तांबे, घडवले. आणि गेली एकेचाळीस वर्षं दोघं वरच्या गल्लीत एका घरात राहत होते, कारण ते मीत होते, देवासमोर विधी करून जोडलेले मानलेले भाऊ.

मीत लावायची कल्पना सरांचीच. दोन सडे पुरुष एका घरात का राहतात, असं कोणी विचारण्याआधी उत्तर तयार असावं म्हणून त्यांनी ती नीट विचार करून काढली होती. भगवतीच्या देवळासमोर भटजींनी मंत्र म्हटले, दोघांनी एकमेकांच्या टोप्या बदलल्या आणि कपाळाला टिळे लावले. मीत झालं की नावानं हाक मारायची नाही. फक्त "मीतज्यू", आणि तेही "अहो-जाहो"मध्ये. एकेचाळीस वर्षांत सरांनी मानकाजींना नावानं हाक मारली नव्हती, भांडतानासुद्धा. त्यामुळे भांडणंही फार सभ्य व्हायची. बाजाराला हे उत्तर पसंत पडलं. विचारणाऱ्यांचीही त्यात सोय होती.

उत्तर एकदाच कमी पडलं, दोन वर्षांपूर्वी, हॉस्पिटलात. मानकाजींच्या पोटात आतडं अडकलं होतं. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. "तुम्ही कोण?" नर्सने विचारलं. सर म्हणाले, "मीत." नर्स म्हणाली, "मीत बाहेर थांबा." सर बाहेरच्या बाकावर थांबले. बुटवलहून पुतण्या यायचा होता आणि रस्त्यावर दरड आली होती. तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तोपर्यंत आतून मानकाजींचं कण्हणं ऐकू येत होतं आणि सर समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता पाठ करत होते. तो अजून त्यांना येतो.

आता पुतण्या कोरियात होता, कोबीच्या मळ्यात. मानकाजींच्या पित्ताशयात खडे निघाले होते आणि ऑपरेशनला मंसिर महिन्याची वीस तारीख मिळाली होती. सही करायला दुसरं कोणी नव्हतं. अशा जोडप्यांची लग्नं वेगळ्या वहीत, तात्पुरती का होईना, नोंदवून घ्या, असा कोर्टाचा आदेश झाल्याचं कात्रण सरांच्या पाकिटात कित्येक महिने होतं. घड्यांवरून ते आता चार तुकड्यांत आलं होतं.

वॉर्डाच्या सचिव निर्जला खनाल सरांच्याच विद्यार्थिनी. नकाशावाचनात सरांनी त्यांना दोनदा नापास केलं होतं. सर दारात दिसताच त्या अजूनही उभ्या राहायच्या.

"नोंद तात्पुरती असेल, सर," त्या म्हणाल्या.

"चालेल," मानकाजी म्हणाले. "आमचंही तसंच चाललंय."

"फक्त सर्जमिन करावी लागेल. शेजारचे सात जण येऊन सांगतील की तुम्ही एकत्र राहता, आणि सही करतील."

सरांना वाटलं होतं, लोक हसतील, नाकं मुरडतील, एखादा उठून जाईल. त्यासाठी त्यांनी कलमांसकट एक छोटं भाषण पाठ केलं होतं. मंगळवारी निर्जलांबरोबर सात जण सरांच्या ओसरीवर आले, चहा प्यायले, आणि कोणीही हसलं नाही. पहिली सही चहावाल्या गोमा दिदींची. त्यांनी पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"मी नाही करायची."

सरांनी भाषणासाठी घसा साफ केला.

"दोन पुरुष की दोन बायका, त्याचं मला काही नाही," गोमा दिदी म्हणाल्या. "तुमचं काय आहे ते आम्हाला काय आज कळलं? पण तुम्ही मीत आहात, सर! मीत म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा. मीताच्या पोरीशी आपण आपल्या पोराचं लग्न लावत नाही, आणि तुम्ही थेट मीताशीच? तुमच्या मीताच्या दिवशी सेलरोट्या कोणी तळल्या? मी! सव्वाशे! आता त्याच हातानं यावर सही करू?"

"खरंय दिदींचं," किराणावाले भीमलाल म्हणाले. "पापच ते." बाकीच्या पाच जणांनीही पेनांना टोपणं लावली.

सरांच्या भाषणात याबद्दल काहीच नव्हतं.

"कायद्यात मीत हा शब्दच नाही, सर," निर्जला हळूच म्हणाल्या. "पण सात सह्यांशिवाय मी कागद पुढे कसा पाठवू?"

भिंतीवर कॅलेंडर होतं. सरांनी वीस तारखेपर्यंतचे दिवस मोजले. नऊ. एकेचाळीस वर्षांपूर्वी आपण आखलेली वाट कुठे बंद होते, हे भूगोलाच्या मास्तराला आज कळत होतं.

"मीत तोडता येत नाही का?" त्यांनी विचारलं.

"त्याला मंत्र नाही," भीमलाल म्हणाले. "बांधायचा आहे, सोडायचा नाही."

"तुमच्यात नसेल," मानकाजी म्हणाले. पोट धरून ते भिंतीला टेकले होते, पण डोळे मिचकावत होते. "आम्हा नेवारांत आहे. माझ्या आत्याला नवरा नको झाला, तिनं त्याच्या उशाखाली सुपाऱ्या ठेवल्या आणि माहेरी निघून आली. नवरा सुटतो, तिथे मीत काय चीज आहे?"

ओसरीवर यावर बराच खल झाला. भीमलाल म्हणाले, नवऱ्याची रीत मीताला लागत नाही. गोमा दिदी म्हणाल्या, नवऱ्यापेक्षा मीत मोठा हे खरं, पण सुपारी ती सुपारीच. शेवटी भीमलालांच्याच दुकानातून दोन सुपाऱ्या आल्या. उशी नव्हती, म्हणून सरांनी आपली शाल घडी करून ठेवली.

"मीतज्यू, म्हणजे तुम्ही मला सोडणार?" सरांनी अगदी हळू विचारलं. प्रश्न त्यांना स्वतःलाच चमत्कारिक वाटला, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"आज सोडतो. उद्या ऑफिस उघडलं की घेतो."

मानकाजींनी वाकून, मध्ये एकदा थांबून, शालीखाली सुपाऱ्या सरकवल्या. गोमा दिदींनी पदर डोळ्यांना लावला. "एवढा चांगला मीत होता हो," त्या म्हणाल्या. "सगळ्या बाजारात असा नव्हता." निर्जलांनी ते कागदावर घेतलं: उभयतांमधील मीतसंबंध साक्षीदारांसमक्ष संपुष्टात आला. सरांनी 'संपुष्टात'चा उकार दुरुस्त केला.

सगळं झालं असं वाटत असतानाच गोमा दिदी म्हणाल्या, "आता मीत नाही आणि लग्न अजून नाही. मग आज एका घरात कसे राहाल? माझ्या सहीची काही किंमत आहे की नाही?"

त्या रात्री मानकाजी चहाच्या दुकानामागच्या खोलीत झोपले. पथ्य म्हणून दिदींनी त्यांना बिनतेलाचा भात घातला, आणि वर त्या जुन्या सेलरोट्यांची कहाणी दोन तास ऐकवली. सर घरी एकटे राहिले. सकाळी दहाला ऑफिस उघडलं, तेव्हा ते पायरीवर आधीपासून बसलेले होते. साडेदहापर्यंत साती सह्या झाल्या. कागद वर जाऊन यायला सहा दिवस लागले. अठरा तारखेला दोघं तात्पुरते विवाहित झाले.

वीस तारखेला मानकाजींना आत नेलं. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं आणि नर्सने विचारलं, "मानकाजी ताम्राकारांचे कोण?"

सर ताडकन उभे राहिले. "मीत."

"मीत बाहेर थांबा," नर्स म्हणाली, आणि दार लागलं.

सर निमूटपणे बाकावर बसले. समोर तोच लसीकरणाचा तक्ता होता. गोवराच्या दुसऱ्या डोसापर्यंत वाचून झाल्यावर त्यांना खिशातला कागद आठवला. उठून त्यांनी दार वाजवलं.

"आता काय?"

"उत्तर चुकलं," सर म्हणाले. "दुरुस्ती आहे."

नर्सने कागद वाचला, उलटून मागची बाजू पाहिली, सरांकडे पाहिलं, परत शिक्क्याकडे पाहिलं. "तात्पुरता म्हणजे किती दिवस?"

"आज पुरेल."

तिनं फॉर्म पुढे केला. नात्याच्या रकान्यात सरांनी स्वच्छ अक्षरात 'पती' लिहिलं, समास सोडून, आणि खाली सही केली. मग ते आत गेले.

मानकाजी हिरव्या चादरीखाली अगदी लहान दिसत होते. "मीतज्यू, इतका वेळ?"

"मीत कुठला? सुपाऱ्या ठेवल्यात ना तुम्ही."

"हो की." मानकाजींनी डोळे मिटून विचार केला. "मग तुम्हाला काय म्हणायचं?"

सरांनाही ते ठाऊक नव्हतं. मानकाजींचं नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच लाजून थांबलं.

"भूल देईपर्यंत मीतज्यूच म्हणा," ते म्हणाले, आणि खाटेशेजारचं स्टूल ओढून बसले.