गाडीला आयाळ नसते

विकणे आहे. करडी रशियन फुरगोन व्हॅन. एकच मालक, एकच हात, सत्तावीस वर्षं. इंजिन निरोगी. थंडीत पहिल्या झटक्याला सुरू होते. दलाल नकोत. नदीपलीकडचा तिसरा गेर, गोंचिग.

जाहिरात गोंचिगकाकांच्या सुनेने फोनवर टाकली होती. गाडी घेण्याआधी मी ती दोनदा वाचली आणि घेतल्यावर पुढचे दोन दिवस त्यात खोटं कुठे आहे ते शोधत बसले.

*

गाडी कशाला हवी होती?

आमच्या खोऱ्यात अकरा घरं. उन्हाळ्यात गाई आणि याक इतकं दूध देतात की त्याचं दही लावतो, दही वाळवतो, साय काढतो, तरी उरतं ते कुत्री पितात. आणि खिंडीपलीकडे, चौऱ्याहत्तर किलोमीटरवर, जिल्ह्याच्या रुग्णालयात आजारी माणसांना पावडरचं दूध देतात. वीस वर्षं मी शाळेत स्वयंपाक केला. पावडर कालवताना हात कसा लाजतो ते मला माहीत आहे.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख त्सेवेलमाबाई. त्या म्हणाल्या, "दोनशे लिटर. सकाळी आठच्या आत. तीन दिवस बघते. पहिले दोन दिवस चुका कर. तिसऱ्या दिवशी केलीस तर पलीकडच्या खोऱ्यातल्या ट्रकवाल्याला सांगून टाकीन."

"करणार नाही," मी म्हणाले.

अकराही घरांना मी सांगून आले होते. माघार घ्यायची सोय त्याच दिवशी संपली.

*

गाडी घेतली तो दिवस.

गोंचिगकाकांनी मला त्यांच्या गेरमध्ये, लोकरीच्या गोल तंबूत, चहाला बसवलं आणि स्वतः बाहेर राहिले. "तू पी. मला हिच्याशी थोडं बोलायचंय." दारातून त्यांची पाठ दिसत होती. गाडीच्या नाकावर एक छोटी झडप असते, तिच्यातून पाणी भरतात. ती उघडून ते काहीतरी करत होते. आत आले तेव्हा एक हात अंगरख्याच्या पोटात होता.

किल्ली त्यांनी दोन्ही हातांनी दिली. पुढे आले, गाडीच्या कपाळावर तळवा फिरवला, आणि मी निघाले तेव्हा वळूनसुद्धा बघितलं नाही.

घरी माझ्या सासूबाईंनी चारही चाकांवर दूध शिंपडलं. योंदोन, माझा नवरा, म्हणाला, "चाकांनाच सगळं पाजा. रुग्णालयाला काय, पावडर आहेच."

*

पहिला दिवस. खिंडीच्या शेवटच्या चढावर गाडीच्या नाकातून वाफेचा फवारा.

थांबून गेलेल्या लोकांनी सांगितलेली कारणं, जशी ऐकली तशी:

पंप गेला.

पंखा उलटा फिरतोय.

बाई, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये फार ओढता.

बाई, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये ओढतच नाही.

खिंडीवरच्या दगडांच्या ओवोला प्रदक्षिणा न घालता गेलात का कधी?

म्हाताऱ्यानं फसवलं. म्हातारे सगळे फसवतात, त्यांना वेळ असतो.

सव्वा दोन तास गेले. सहापैकी तीन कॅन नासले. त्सेवेलमाबाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि झाकण लावलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

*

दुसरा दिवस. पाण्याचे चार कॅन जास्तीचे. पाच वेळा थांबले, पाच वेळा भरलं. पोचले नऊ वीसला. दूध चांगलं होतं.

"दूध चांगलंय," त्सेवेलमाबाई म्हणाल्या. "नाश्ता मात्र तासापूर्वीच झाला."

"उद्या आठच्या आत."

"उद्या तिसरा."

"मोजता येतं मला."

*

दुपारी गावात परतल्यावर गाडी शाग्दरकडे नेली. आमच्या गावात तोच एक मिस्त्री. त्याने झडप उघडली नाही, आवाज ऐकला नाही, सिगारेट मात्र पेटवली.

"हेड गॅस्केट. इंजिन उतरवायला लागेल. आठ दिवस."

"तेलाची पट्टी बघितलीस?"

"उकळते म्हणजे गॅस्केट, ताई. पट्टीत काय बघायचं?"

मी पट्टी ओढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. तेल काळं, स्वच्छ. "शाळेच्या बसचं गॅस्केट गेलं तेव्हा तूच दाखवलं होतंस. पाणी तेलात उतरलं की तेल चहासारखं होतं म्हणालास. हे चहासारखं आहे?"

"हे... नाही."

"सपाटीवर उकळत नाही. चढावरच उकळते. तेही तापमानाची सुई नव्वदीवर असताना."

"सुई खोटी असेल."

"इंजिन खोटं, सुई खोटी, म्हातारा खोटा. एवढ्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात ठरवलं का?"

शाग्दर हसला. "तू शाळेत मास्तरीण हवी होतीस."

"मास्तरणीला कोण घाबरतं? स्वयंपाकिणीला घाबरतात."

*

घरी कुकरमध्ये मांस शिजत होतं.

आमच्या उंचीवर उघड्या पातेल्यात पाणी लवकर उकळतं, पण हवं तितकं तापत नाही. म्हणून प्रत्येक गेरमध्ये कुकर. झाकण दाब धरून ठेवतं. झाकणानं दाब सोडला तर कुकर म्हणजे एक जड पातेलं, बाकी काही नाही.

मी पळी खाली ठेवली.

"काय झालं?" योंदोनने विचारलं.

"मांस बघ."

बाहेर गेले. झडप उघडली, थंड झालेल्या रेडिएटरचं टोपण फिरवून काढलं आणि उलटं केलं. आतली स्प्रिंग अंगठ्याने दाबली. दबली, आणि दबलेलीच राहिली. जोरच नव्हता तिला; रेडिएटरचा दाब धरणार कशी? आणि टोपण नवंकोरं होतं. या गाडीत सत्तावीस वर्षांहून लहान असलेली वस्तू आजवर मला दिसली नव्हती, आणि हे टोपण चकाकत होतं.

शाग्दरला फोन केला. असं टोपण त्याच्याकडे नव्हतं. गावात कुणाकडेच नव्हतं. मिळेल ते जिल्ह्याच्या बाजारात, म्हणजे खिंडीपलीकडे.

दिवस अजून वर होता. मी योंदोनची मोटारसायकल काढली आणि नदीपलीकडे गेले.

*

गोंचिगकाका गेरमध्ये जुना लगाम शिवत होते. त्यांनी विचारलं नाही की का आलीस. सुनेने चहा ओतला. मी तो घेतला, कारण न घेणं म्हणजे बोलणं आधीच संपवणं.

समोरच्या रंगीत पेटीवर, घरातल्या मेलेल्या माणसांच्या फोटोंशेजारी, निळ्या रेशमी वस्त्राच्या घडीवर एक टोपण ठेवलेलं होतं. पितळी. जुनं. कडेला लोखंडी टॉमीच्या घावाची खूण.

"काका, ते माझ्या गाडीचं टोपण आहे."

"ते माझ्या गाडीचं आहे. तुझ्या गाडीला नवं बसवलंय. माझ्या खिशातून."

"का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परदेशातून आले आहे. "घोडा विकताना दोर आपण देतो का? दोर ठेवून घेतो, आयाळीचे चार केस कापून ठेवतो. घोडा जातो, घरची बरकत जात नाही. गाडीला आयाळ नसते, दुलमा. मग मी काय कापणार होतो? सत्तावीस वर्षं दर खिंडीत ज्याला हात लावला ते ठेवलं."

"नव्याची स्प्रिंग मेलेली आहे. दोन दिवस मी खिंडीत उकळतेय."

त्यांच्या हातातली शिवणाची सुई थांबली.

"नवं होतं ते," ते म्हणाले.

"तुम्ही ते लावून खिंड चढलात?"

"नाही. विकायचं ठरवल्यावर मी तिच्यात बसलो नाही. ठरल्यावर बसू नये. जनावराला कळतं."

हे असं होतं तर. फसवणूक नव्हती. गाडीवर इतकी माया होती की तिची परीक्षा घ्यायचीच राहून गेली.

"ते द्या मला, काका. उद्यापुरतं."

"नाही."

"अकरा घरांचं दूध आहे."

"तीन वर्षांपूर्वी उंट विकला. घेणारा घाईत होता, मी दोरासकट दिला. त्या हिवाळ्यात चाळीस मेंढ्या गेल्या आणि तुझी काकू गेली." त्यांनी फोटोकडे बघितलं नाही. "तू माग दुसरं काहीही. गोधडी माग. हा लगाम माग."

"लगाम रेडिएटरला बसत नाही."

सून खोकल्यासारखं हसली.

"मग मी इथेच बसते," मी म्हणाले.

"बस. जागा आहे."

बसले. ते शिवत राहिले. चहा दोनदा आला. बाहेर कोणीतरी गाईंना हाका मारत होतं आणि मला आमच्या गाई आठवल्या, ज्यांचं दूध आत्ता कॅनमध्ये भरून ओढ्याच्या थंड पाण्यात उभं करत असतील, माझ्या शब्दावर. रागावून उपयोग नव्हता. त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं असंही नाही. दोर मीसुद्धा कधी दिलेला नाही. ते देणार नाहीत आणि मी त्याशिवाय जाणार नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या धरून तिसरी शोधायची होती.

"काका, टोपण घराबाहेर गेलं तर बरकत जाते, की दुसऱ्याच्या हातात गेलं तर?"

त्यांनी एक टाका घातला. "दुसऱ्याच्या हातात."

"मग मी हात लावत नाही. तुम्हीच लावायचं, तुम्हीच काढायचं. गाडीत माझ्या शेजारी बसायचं. पलीकडे पोचलो की खिशात घालायचं."

"विकलेल्या गाडीत मी बसत नाही."

"गाडी माझी आहे. तुम्ही माझे पाहुणे. पाहुण्यानं कशात बसायचं ते यजमान ठरवतो."

त्यांनी दोरा दातांनी तोडला. सुनेकडे बघून म्हणाले, "ही शाळेत स्वयंपाक करायची ना? पोरं जेवत असतील मुकाट्यानं."

*

तिसरा दिवस.

चार पस्तीस. उजाडतंय. सहा कॅन मागे, ओल्या नमद्यात, लोकरीच्या जाड कापडात, गुंडाळलेले. काकांनी टोपण लावलं. मी आकाशाकडे बघत उभी राहिले, म्हणजे माझी नजरही नको लागायला.

पाच दहा. सपाट रस्ता. इंजिन आमच्या दोघांच्या मध्ये, झाकणाखाली. काकांनी त्यावर हात ठेवलेला.

पाच पन्नास. चढ सुरू. सुई ऐंशी.

सहा दहा. सुई नव्वद. याच दगडाजवळ काल तिसरं पाणी ओतलं होतं.

"थांब," काका म्हणाले.

"वाफ नाही."

"वाऱ्याकडे तोंड करून उभी कर. पंधरा मिनिटं. मी नेहमी थांबायचो."

"तुम्हाला आठला पोचायचं नव्हतं."

सुई पंच्याण्णव. मी गिअर बदलला नाही, पाय हलवला नाही. सुईकडे न बघता नाकाकडे बघत होते, झडपेच्या फटीकडे. कोरडी.

"दुलमा, फुटेल."

"काका, तुमचं टोपण आहे. तुमचा त्याच्यावर विश्वास नाही का?"

त्यांनी इंजिनावरचा हात काढला नाही.

अठ्ठ्याण्णव. मग वर, दगडांची रास आणि तिच्यावरची फडफडणारी निळी कापडं. ओवो. काकांनी दाराच्या कडीला हात घातला. उतरून तीन प्रदक्षिणा घालायच्या होत्या त्यांना.

मी तीन वेळा भोंगा वाजवला आणि उतार धरला.

"एवढ्यावर भागवतेस?"

"घाईत असलेल्यांना एवढ्यावर माफ असतं. तुम्हीच माझ्या सासऱ्यांना शिकवलंय हे."

"तो नेहमीच घाईत असायचा. वीस किलोमीटर जायचं असलं तरी."

सात अठरा. डांबरी रस्ता. सुई खाली.

सात चौतीस. रुग्णालयाचं मागचं दार.

*

त्सेवेलमाबाईंनी सहाही कॅन उघडले. प्रत्येकात पळी, प्रत्येकातला घोट. पाचव्याला त्या थांबल्या.

"हे याकचं?"

"याकचं."

"दाट आहे. हे वेगळं ठेवत जा. ऑपरेशनवाल्यांना देईन." सहावा कॅन चाखला. पळी धुतली. "रविवारीसुद्धा लागतं. आजारी माणसं रविवारी बरी होत नाहीत."

"रविवारीसुद्धा आणेन."

"आणि गाडीचं काय ते बघ. रोज एक म्हातारा शेजारी बसवून आणणार आहेस का?"

बाहेर काका फडकं घेऊन उभे होते. इंजिन निवेपर्यंत वाट बघितली. मग टोपण काढलं, पुसलं, पुन्हा पुसलं, अंगरख्याच्या पोटात घातलं. मी पाठ फिरवून उभी होते.

*

बाजारात सुट्या भागांचा एक लोखंडी कंटेनर. आत भिंतीला टोपणं लटकवलेली, सगळी चकाकणारी.

पहिल्याची स्प्रिंग दाबली. मऊ. दुसऱ्याचीही मऊ. तिसऱ्याला स्प्रिंगच नव्हती. काका पुढे सरकले, काहीतरी सांगणार होते. मी मान हलवली. त्यांनी हात मागे बांधले.

चौथं. पाचवं.

"बाई, टोपण आहे ते, खरबूज नाही," दुकानदार म्हणाला.

"खरबूज असतं तर एकच सकाळ वाया गेली असती. टोपणानं दोन घालवल्या."

सहावं दबलं आणि अर्धवट वर आलं. परत ठेवलं.

सातव्याने माझा अंगठा वर ढकलला. मी पुन्हा दाबलं, सगळा जोर लावून, आणि त्याने पुन्हा ढकलला.

"हे," मी म्हणाले. "आणि असंच अजून एक काढा, गाडीत जास्तीचं ठेवायला. मी थांबते."